आठ फुटांचं कुंपण

शनिवार, ४ नोव्हेंबर २०२३

आज टेक्ससमध्ये हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम उघडला. कर्व्हिलच्या रस्त्यावर पहाटे चारपासून पिकअप गाड्यांची रीघ. पेट्रोल पंपाबाहेर मक्याची पोती छातीएवढी रचलेली. हरणांना मका घालून सवय लावायची आणि आडोशाला बसून गोळी घालायची, ही इथली सर्रास चालणारी रीत आहे. कायद्यालाही ती मान्य आहे.

मी जनावरांची डॉक्टर. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या आणि आता ह्या डोंगराळ भागातल्या एका दवाखान्यात मोठ्या जनावरांचं काम करते. गाई, घोडे, शेळ्या, आणि रँचवरची परदेशी जनावरं. ह्या शेवटच्या कामाबद्दल मनात बरंच साठलं आहे. हंगामभर जमेल तसं लिहून ठेवणार आहे.

आधी जमिनीचं. टेक्ससची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची. त्यामुळे शिकार करायची म्हणजे बहुधा कुणाच्या तरी जमिनीवर, त्याला पैसे मोजून. साधं गुरांचं कुंपण असेल तर हरीण ते सहज ओलांडतं. पण पुष्कळ रँचना आठ फूट उंच जाळी असते. इथे त्याला नुसतं ‘हाय फेन्स’ म्हणतात. त्या जाळीच्या आतलं पांढऱ्या शेपटीचं स्थानिक हरीण कायद्याने राज्यातल्या जनतेचंच राहतं. त्याला हंगाम आहे, किती मारायची ह्याला मर्यादा आहे. बाहेरून आणलेलं जनावर मात्र मालकाचं, त्याच्या गुरांइतकंच मालकीचं. त्याला हंगामही नाही आणि मर्यादाही नाही. शिकाऱ्याच्या खिशात परवाना असला की बाराही महिने, दिवसा नाहीतर रात्री.

ह्या बाहेरून आणलेल्यांत काळवीट आहे, चितळ आहे, नीलगाय आहे. चितळ आणि काळवीट आमच्या ह्या भागात, एडवर्ड्स पठारावर, १९३२ मध्ये आले. नीलगाय दक्षिणेकडे, किंग रँचच्या मुलखात. नगर जिल्ह्यातल्या माळावर लहानपणी पाहिलेलं जनावर मला कर्व्हिलजवळच्या ओकच्या झाडांखाली पुन्हा भेटलं, ते असं.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सकाळी एका रँचवरून फोन. दोन काळविटांची झुंज झाली, एकाच्या डोळ्याखाली शिंग घुसलं होतं.

काळविटाला हात लावणं जोखमीचं. घाबरलं की त्याच्या अंगातली उष्णता वाढत जाते, स्नायू आतून झिजायला लागतात आणि पकडताना जिवंत असलेलं जनावर दोन-तीन दिवसांनी मरूही शकतं. त्यामुळे आधी डार्ट, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. तो खाली बसला तशी मी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, कानात कापूस घातला, छातीवर टेकवून सरळ धरला. पाठ जवळजवळ काळी, पोट आणि डोळ्यांभोवतीची वर्तुळं पांढरी. पीळदार शिंगांच्या वळ्यांत वाळलेली माती. डोळ्याच्या कोपऱ्याशी ती ग्रंथीची चीर, जिच्यातला स्राव काड्यांना पुसून तो आपली हद्द सांगतो. ताप १०४ वर गेला तसं अंगावर पाणी ओतत राहिलो. जखम खोल होती, पण डोळा वाचला. आतून-बाहेरून टाके घातले, भूल उतरवण्याचं इंजेक्शन दिलं आणि बाजूला झालो. तो उठला, दोन पावलं लडखडला आणि मग असा उधळला की माझ्यासोबतचा नवा मदतनीस नुसता बघत राहिला.

रँचचा व्यवस्थापक भला माणूस आहे. जनावरांची काळजी मनापासून घेतो, दुष्काळात स्वतः पाण्याचा टँकर चालवतो. त्याने मला विचारलं, “केस परत येतील ना? व्रण दिसायला नको. त्याचं डिसेंबरातलं बुकिंग आहे.”

ऑफिसच्या भिंतीवर दरपत्रक लावलेलं आहे. काळवीट दोन-तीन हजार डॉलर, शिंगांच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त. ओरिक्स हे आफ्रिकी जनावर त्याच्या वर. खाली दोन अटी: जनावर जखमी होऊन हाती लागलं नाही तरी पूर्ण पैसे द्यावे लागतील, शिकार मिळालीच नाही तर पैसे नाहीत. ही दुसरी अट मी बऱ्याच ठिकाणी वाचली आहे. गिऱ्हाइकाला ती फार आवडते.

रविवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी पूजा झाल्यावर मामांना फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ. मामांचं शेत कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून फार लांब नाही. हे अभयारण्य १९८० साली झालं. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ५३६ एकर. इथल्या मध्यम रँचवरचं एखादं कुरणही एवढं असतं.

पाऊस कमी झाल्याने ज्वारी बुटकी राहिली आहे. हरभरा पेरलाय आणि त्याचे शेंडे खायला रात्री काळविटं येतात. मामा आणि धाकटा भाऊ पाळीपाळीने राखण करतात. बॅटरी घेऊन बांधावरून ओरडत फिरायचं. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा आणि कागद करण्यात चार खेटे होतात.

मी त्यांना इथलं सांगितलं. लोक विमानाने येतात, दोन दिवस राहतात, काळवीट मारतात आणि मुंडकं पेंढा भरून घरी नेतात.

“कुंपणात?” मामांनी विचारलं.

“हो. आठ फुटांची जाळी.”

थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरी, आमच्या इथं त्यांनी पिकाची वाट लावली तरी एक कबूल करावं लागतं, ती आमच्या ताब्यात नाहीत. आज इथं, उद्या तिथं. तू सांगतेस ती तर खाटकाची बकरी झाली. मग खाटकाने शिकारी म्हणून मिरवायचं कशाला?”

ह्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मी त्यांना देऊ शकले नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी स्पष्ट ठेवायला हवी. आपला इतिहास ह्या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. कोल्हापूरच्या दरबारात आफ्रिकेतून आणलेले चित्ते काळविटांवर सोडत. साहेबांच्या बंगल्यांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत शिंगांच्या भिंतीच्या भिंती असत. आणि ज्या फासेपारध्यांनी पोटासाठी दोरीचे फासे लावले, त्यांच्यासारख्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. गावाच्या वेशीवर काही झालं की पोलीस आधी त्यांच्या पालावर जात, ते मी स्वतः पाहिलं आहे. शिकारीच्या नीतीची चर्चा करताना मारणारा कोण, हे पाहून न्याय बदलतो. तेव्हाही बदलत होता. इथेही बदलतो.

बुधवार, १५ नोव्हेंबर

दवाखान्यात एका सहकाऱ्याने सलमान खानच्या काळवीट-शिकारीच्या खटल्याचं विचारलं. १९९८ सालची, जोधपूरजवळच्या कांकाणी गावची घटना. २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा, मग जामीन. इतकी वर्षं प्रकरण जिवंत ठेवलं ते बिष्णोई गावकऱ्यांनी. सहकारी चकित झाला: तिथे तुरुंग आणि इथे दरपत्रक, त्याच जनावराला?

त्याच जनावराला. भारतात ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

शनिवार, १८ नोव्हेंबर

व्यवस्थापकाने टाके घातलेला काळवीट पाहायला बोलावलं. जवळ जाणं शक्य नाही, म्हणून आम्ही शिकाऱ्यांच्या आडोशात बसलो. लाकडी खोकं, आत दोन फिरत्या खुर्च्या, बंदूक टेकवायला गादी लावलेली फळी, कोपऱ्यात छोटा हीटर. समोर ऐंशी-नव्वद यार्डांवर तीन पायांवर उभं केलेलं पिंप. त्याच्या तळाशी मोटर आणि घड्याळ.

घड्याळ चारचं लावलेलं होतं. चाराला पाच मिनिटं कमी असतानाच ओकच्या सावलीतून चितळाच्या माद्या बाहेर आल्या आणि पिंपाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मोटर घरघरली, मका गोल फेकला गेला, तशा काळविटाच्या माद्या आल्या. मग नर, एकेक करून. व्यवस्थापक कानाशी पुटपुटत होता: हा अठरा इंची, तो वीस, मागचा बावीस. आमचा पेशंटही आला. जखम सुकली होती, पण डोळ्याखाली केसांविना गुलाबी पट्टा होता. तो दहा मिनिटं मका खात होता. मी नीट पाहिलं, व्यवस्थित चावत होता.

काळविटाची सगळी घडण उघड्या माळासाठी झाली आहे. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग, धोका दिसला की सरळ वर मारलेल्या त्या उड्या. पण त्याची एक सवय इथल्या माणसांच्या फार उपयोगी पडली. एवढ्या उड्या मारणारं हे जनावर कुंपण सहसा ओलांडत नाही. खालून शिरू पाहतं. आडोशातून बाहेर पडल्यावर मी जाळीच्या कडेने चालत गेले. आतल्या बाजूने, जाळीला लागून, खुरांनी घासून गवत गेलेली पायवाट होती, मैलभर तशीच सरळ. जागोजागी जाळीच्या तळाशी माती उकरलेली, आणि एका ठिकाणी तारेत काळ्या केसांचा झुबका.

कुंपणातली शिकार ही शिकार असते का, ह्या प्रश्नाचं उत्तर एकरांचा हिशोब लावून मिळणार नाही, हे मी स्वतःला बजावत असते. टेक्ससमध्ये हजारो एकरांचे उंच कुंपणाचे रँच आहेत. तिथे एखादा नर दिवसच्या दिवस दिसत नाही आणि शिकारी हात हलवत परत जातो. आणि शे-दोनशे एकरांचेही आहेत. पण पिंप, घड्याळ आणि ‘शिकार नाही तर पैसे नाहीत’ ही अट, हे तिन्ही एकत्र आले की कुंपण कितीही लांब असो, जनावर कुठे असणार हे माणसाने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

पण रँचवाले निष्ठुर नाहीत, हेही लिहायला हवं. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या आठवड्यात ह्या भागात काळविटं आणि चितळं मोठ्या संख्येने मेली. ती थंडीची जनावरं नव्हेतच. तेव्हा आम्ही गवत आणि गोठे कमी पडले म्हणून रात्री फिरत होतो. रँचवाल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या अश्रूंवर मी संशय घेणार नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचं जेवण शेजाऱ्यांकडे. शेजारी सत्तरीचे, आयुष्यभर शिकार केलेले. त्यांच्या फ्रिझरमध्ये वर्षभराचं हरणाचं मांस असतं आणि तेच खातात, वाटतात. दिवाणखान्यात एकही मुंडकं नाही.

उंच कुंपणाचा विषय निघाला की ते माझ्यापेक्षा कडक बोलतात. दाखला देतात तो १८८७ साली थिओडोर रूझवेल्टने उभ्या केलेल्या बून अँड क्रॉकेट ह्या शिकाऱ्यांच्या क्लबचा. त्या क्लबच्या विक्रमांच्या नोंदीत, सुटून जाता येणार नाही अशा कुंपणात मारलेलं जनावर घेतच नाहीत. शेजाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: “हरणाला हातावर तुरी देऊन जाता आलं पाहिजे. ते नसेल तर मी तिथे कशाला बसू?”

मी त्यांना मक्याबद्दल विचारलं, कारण तेही मका घालतात. त्यांनी ते टाळलं नाही. म्हणाले, “घालतो. आणि बहुतेक संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत येतो. तरी तुझा मुद्दा आहे.” मला हा माणूस आवडतो.

त्यांनीच एक जुनं प्रकरण सांगितलं. २००५ च्या सुमाराला सॅन अँटोनियोजवळ एकाने रँचवर कॅमेरा आणि यंत्रावर चढवलेली बंदूक बसवली. घरात बसून, माउस हलवून, इंटरनेटवरून हरीण मारायची सोय. टेक्सससारख्या शिकारवेड्या राज्याने ते लगोलग बंद पाडलं, आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी कायदे केले. बंदी मागणाऱ्यांत शिकारी पुढे होते.

म्हणजे कुठेतरी रेघ आहे, हे सगळ्यांनाच कळतं. खुर्चीत बसून माउस दाबणं चुकीचं वाटलं. आडोशातली फिरती खुर्ची मात्र अजून चालते.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

दिवसभर ओरिक्सचं काम. तलवारीसारखी मागे वाकलेली शिंगं असलेला, पांढऱ्या अंगाचा आणि तांबूस मानेचा आफ्रिकी ओरिक्स. एका कुरणातून दुसरीकडे न्यायचे होते. ट्रेलरमध्ये त्यांनी एकमेकांना भोसकू नये म्हणून शिंगांवर रबरी नळ्या चढवतात, वर चिकटपट्टी. दोन माणसं शिंगं धरतात, एक नळी बसवतो, मी श्वास मोजते. दुपारपर्यंत हात भरून आले.

जेवताना व्यवस्थापक म्हणाला, “डॉक्टर, पैसे देणारा शिकारी नसता तर हे जनावर आज जगात नसतं.”

हे वाक्य मी उडवून लावणार नाही, कारण ओरिक्सच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. सहाराच्या दक्षिण काठावरचा हा प्राणी बेसुमार शिकार, दुष्काळ आणि युद्धं ह्यांत संपला. २००० साली तो निसर्गातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. त्याच वेळी टेक्ससच्या रँचवर त्याचे कळप वाढत होते, इतके की पुढे ही संख्या दहा हजारांच्या वर मोजली गेली. २००५ साली अमेरिकी सरकारने तो संकटग्रस्त यादीत घातला, पण रँचवर वाढवलेल्यांना सूट ठेवली. फ्रेंड्स ऑफ अ‍ॅनिमल्स ही संघटना कोर्टात गेली, सूट गेली. २०१२ पासून प्रत्येक रँचला परवाना काढावा लागला आणि अनेकांनी कळप विकून टाकले. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेने सूट परत आणली. दोन्ही बाजूंचे लोक अजूनही हीच उदाहरणं एकमेकांवर फेकतात.

माझं म्हणणं असं. संख्या टिकवणं ही मोठी गोष्ट आहे. पण रँचवरचा ओरिक्स मालकाच्या मर्जीवर जगतो. भाव पडला की तो विकला जातो, हे २०१२ ने दाखवलं. ज्याचं जगणं गिऱ्हाइकाच्या आवडीवर अवलंबून आहे, त्याला वाचवलं असं अजून म्हणता येत नाही. राखून ठेवलं एवढं म्हणता येतं. राखून ठेवलेलं परत त्याच्या मुलखात गेलं, तर तो दावा मी मान्य करीन.

आणि काळविटाच्या बाबतीत तर हा युक्तिवाद लागूच पडत नाही. पाकिस्तानातून काळवीट संपला होता, तेव्हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्ससमधून काही जनावरं तिथल्या लाल सुहांरा उद्यानात गेली. ते चांगलं झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आज आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत काळवीट धोक्याबाहेरच्या गटात आहे, आणि तो वाचला तो भारतातल्या कायद्यामुळे, बिष्णोईंसारख्या समाजांमुळे आणि माझ्या मामांसारख्या रात्री जागणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. त्यांपैकी कुणाला शिंगाच्या इंचामागे पैसे मिळत नाहीत. कर्व्हिलच्या काळविटाला गोळी घालून रेहेकुरीच्या काळविटाचं काहीही भलं होत नाही.

रविवार, ३ डिसेंबर

दवाखान्यातली दुसरी नवी मदतनीस, विशीतली मुलगी, दक्षिण आफ्रिकेत जाऊन आली आहे. सिंहाच्या अनाथ छाव्यांना बाटलीने दूध पाजण्याचं काम, आणि त्यासाठी तिनेच पैसे भरले होते. छावे अनाथ का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नसे. आता ती विचारते.

तिथे बंदिस्त सिंहांची संख्या आठ ते बारा हजारांच्या घरात सांगितली जाते, रानातल्या सिंहांच्या कितीतरी पट. छावा आईपासून लवकर काढून घ्यायचा, म्हणजे ती पुन्हा माजावर येते. लहानपणी पर्यटकांनी कुरवाळायचा, थोडा मोठा झाला की त्याच्याबरोबर फिरायचं, आयाळ आली की कुंपणात सोडून शिकाऱ्याला विकायचा. राहिलेली हाडं आशियात. त्या देशात १९९१ च्या एका कायद्याने पुरेशा कुंपणातलं रानजनावर मालकाचं राहतं. ‘ब्लड लायन्स’ हा माहितीपट २०१५ मध्ये आला, २०१६ मध्ये अमेरिकेने अशा सिंहांची मुंडकी आणायला बंदी केली, आणि २०२१ मध्ये त्या देशाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी ह्यांनी हा धंदा बंद करण्याची भूमिका जाहीर केली. जाहीर झालं, पण पिंजरे अजून रिकामे झालेले नाहीत.

टेक्ससच्या कायद्यातही एक कलम आहे: बंदिवासातला वाघ, सिंह, अस्वल, हत्ती, गेंडा मारता येत नाही, मारण्यासाठी सोडताही येत नाही. चांगलं कलम आहे. पण मग प्रश्न उरतोच. कोंडलेल्या जनावराला विकून मारणं वाघाच्या बाबतीत अन्याय असेल, तर काळविटाच्या बाबतीत तो व्यवसाय कसा होतो? भीती दोघांनाही वाटते. फडक्याखाली धडधडणारी छाती मी हाताखाली धरली आहे.

सोमवार, ११ डिसेंबर

दुबईच्या हवामान परिषदेतून आज बातमी: आययूसीएनने ओरिक्सला ‘निसर्गातून नाहीसा’ ह्या गटातून काढून ‘संकटग्रस्त’ गटात आणलं. २०१६ पासून चाड देशातल्या वादी रिमे-वादी अशीम अभयारण्यात अबू धाबीच्या कळपातून जनावरं सोडली. आता तिथे पाडसं जन्मतात. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी आणि खासगी कळपांनी जपलेलं रक्त त्यात आहे.

दवाखान्यात मी सगळ्यांना बातमी वाचून दाखवली. व्यवस्थापकालाही फोन केला. तो मनापासून खूश झाला. “बघ, मी म्हणत होतो.” मी म्हटलं, ह्या बातमीत कुठेही दरपत्रक नाही. तो गप्प राहिला, पण रागावला नाही.

शनिवार, १६ डिसेंबर

आज ते बुकिंग होतं. मी रँचवर वेगळ्या कामासाठी होते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना होणाऱ्या, इथे सीडब्ल्यूडी म्हणतात त्या मेंदूच्या रोगाची तपासणी. मारलेल्या हरणाच्या घशामागच्या ग्रंथी आणि मेंदूच्या देठाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा. ह्या रोगाला औषध नाही, लस नाही. २०१५ मध्ये टेक्ससच्या मेडिना काउंटीत तो पहिल्यांदा पाळीव कळपात सापडला. मोठ्या शिंगांसाठी हरणं पैदास करून ट्रेलरमधून गावोगाव विकायची, म्हणजे रोगालाही गाडीत बसवून पाठवायचं. कुंपणाचा हा खर्च कुंपणाबाहेरचे शिकारी आणि बाहेरची हरणं भरतात.

साडेचारच्या सुमाराला एकच आवाज आला. थोड्या वेळाने गाडी शेडपाशी आली. ह्यूस्टनचा एक गृहस्थ, सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा. मागे काळवीट. मी हातमोजे काढून जवळ गेले आणि डोळ्याखाली पाहिलं. व्रण नव्हता. दुसराच होता.

“तुझ्यावाल्याचा चेहरा अजून डागी आहे,” व्यवस्थापक म्हणाला. “ह्यांना स्वच्छ हवा होता. वसंतात तो चालेल.”

शिंगांना फीत लावली. एकवीस इंच. फोटोसाठी तोंडावरचं रक्त ओल्या कापडाने पुसलं, जीभ आत सारली, पुढचे पाय दुमडून असं बसवलं की ते विसावलंय असं वाटावं. गृहस्थ नम्र होता. मी भारतातली आहे कळल्यावर विचारलं, “तिकडे हे अजून आहेत का? तुम्ही पाहिलेत?” मी हो म्हटलं. मुलगा काहीच बोलत नव्हता. त्याने काळविटाच्या कानाला बोट लावलं आणि मागे घेतलं.

मांसाचं विचारलं तर गृहस्थ म्हणाला, ते रँचने ठेवावं. त्याला कातडं आणि खांद्यापासून वरचा भाग हवा होता.

मांसासाठी मारण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः मटण खाते. ह्याच भागातल्या इनग्रॅमची ब्रोकन अ‍ॅरो रँच कंपनी नीलगाय, चितळ आणि काळवीट मांसासाठी मारते: पटाईत नेमबाज, जनावराला चाहूल लागायच्या आत डोक्यात एक गोळी, आणि शेजारी सरकारी निरीक्षकासह फिरता कत्तलखाना. कुणी फोटो काढत नाही. जनावर मारलं, खाल्लं, असं सरळ म्हणतात. मामांचा खाटीक तिथे आहे आणि तो स्वतःला दुसरं काही म्हणवत नाही.

शेडमध्ये आज जे विकलं गेलं ते वेगळं होतं. मी हा पराक्रम केला असं सांगण्याचा हक्क विकला गेला. आणि त्यासाठी एका जनावराला जन्मभर इंच मोजत वाढवलं.

मंगळवार, १९ डिसेंबर

दवाखान्याच्या ज्येष्ठ डॉक्टरांशी बोलले. आजारी, जखमी, अडलेलं जनावर कुठल्याही कुंपणात असो, मी जाईन, रात्री दोनला जाईन. पण नराला भूल देऊन शिकारीच्या कुरणात हलवायचं असेल, किंवा बुकिंगसाठी त्याचा चेहरा नीट करायचा असेल, तर मी नाही. ते म्हणाले, उत्पन्न घटेल आणि ते काम दुसरं कुणीतरी करेलच. दोन्ही खरं आहे. तरी त्यांनी मान्य केलं.

माँटाना राज्यात २००० साली लोकांनी मतदान करून पैसे घेऊन कुंपणातल्या जनावरांची शिकार बंद केली. नॉर्थ डकोटात २०१० मध्ये तसाच ठराव हरला. टेक्ससमध्ये तो मतदानापर्यंतही लवकर पोचणार नाही. पण वाघ-सिंहांच्या कलमात काळवीट, चितळ, नीलगाय आणि ओरिक्स घालायला वेगळा नवा कायदा रचावा लागत नाही, आहे त्यात दुरुस्ती करून चार नावं वाढवावी लागतात. आमदाराला मी तेवढंच लिहिलं आहे.

आणि हे आपल्या माणसांसाठी. नव्या वर्षाच्या सुटीत ‘रँच वीकेंड’ ठरवायचा म्हणून मंडळाच्या ग्रुपवर चौकशा सुरू आहेत, काही कंपन्या बक्षीस म्हणूनही देतात. ऑस्टिन, सॅन अँटोनियो, ह्यूस्टनमधल्या मराठी मित्रांनो, पैसे भरण्याआधी रँचला तीन गोष्टी विचारा: कुंपण किती उंच आहे, आतली जनावरं विकत आणलेली आहेत का, आणि शिकार मिळाली नाही तर पैसे परत देता का. आठ फूट, हो आणि हो अशी उत्तरं आली तर ते बुकिंग करू नका, आणि का करत नाही तेही त्यांना सांगा.